माळ्यावरून उतरलेली मी

मित्रांनो, मी केस कापायच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे. आता मला जुनी म्हणावं की नाही, यावरूनच तर सगळी भानगड झाली!

एका सुताराने मला घडवलं आणि आमच्या मालकांनी आरशासमोर मांडलं. काय तो माझा थाट! लहान मुलं आली की मालक माझ्या हातांवर आडवी फळी टाकत. मालकांची लेक पहिल्यांदा त्या फळीवर बसली, तेव्हा तिने रडून दुकान डोक्यावर घेतलं होतं.

पण बसणारे काय, कसेही बसतात. एका धिप्पाड गिऱ्हाइकाने माझा पाय मोडला. मग हात झिजले, बैठक फाटली, पाठ तडकली. मालक एकेक भाग बदलत गेले. जुना भाग मात्र त्यांना टाकवत नसे. तो माळ्यावर जाई.

पुढे दुकान लेकीकडे आलं. एका सकाळी तिने माळा आवरायला काढला. जुने तुकडे खाली आणले, सांधले आणि माझ्यासमोर एक खुर्ची उभी केली.

"हीच आपली खरी खुर्ची! आरशासमोरची तर सगळी नवीच आहे. तिला भंगारात देऊन टाकते."

माझ्या काळजात धस्स झालं. समोर पाहते तर माझेच हात, माझेच पाय! मग मी कोण? रडणारी लेक मला आठवत होती, पण फळी टेकली होती ती त्या समोरच्या हातांवर. खरं सांगते, मी पुरती गोंधळले.

तेवढ्यात मालक काठी टेकत आले.

"बाबा, हिच्यात पहिला एक खिळासुद्धा उरलेला नाही," लेक म्हणाली.

"अगं, माझे दात नवे, गुडघा नवा, डोळ्यातलं भिंग नवं. मग मलाही दे भंगारात!"

"काहीतरीच काय बाबा!"

"नाही तर काय! पाय बदलला तेव्हा पाठ तीच होती. पाठ बदलली तोवर नवा पाय रुळला होता. एकदम सगळी कधी बदलली ती? गिऱ्हाईक रोज हिच्यावरच बसत आलंय. माळ्यावर कोण बसलं होतं?"

लेक खुदकन हसली. "राहू दे बाई तुमची खुर्ची!"

हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

त्या दुसरीला दाराशी जागा मिळाली. थांबलेली माणसं तिच्यावर जपून टेकतात, बिचारीला फार भार सोसत नाही. मला तिचा राग नाही. माझं बालपणच आहे ते, डोळ्यांसमोर असलेलं बरं.

मित्रांनो, वस्तू मोडली की लगेच फेकू नका. मोडलं तेवढं बदला, बाकीचं सांभाळा. हल्ली माझा डावा पाय कुरकुरतो. नवा बसवायचं चाललंय. बसवू देत खुशाल! मी कुठे जातेय?