एका हाताचा साफा

आमच्या पलटणीत ज्याचा साफा त्यानंच बांधायचा. दुसऱ्यानं बांधून दिलेला साफा म्हणजे उसनं डोकं, असं शिवप्पा सुभेदार म्हणायचे. ते मैंदर्गीचे, रागावले की कानडीत शिरायचे.

लढाई संपून बरीच वर्षं झाली, तेव्हा सोलापुरात किल्ल्याजवळच्या मैदानावर जुन्या शिपायांची कवायत ठरली. सिदू धनगर साफ्याचं कापड काखेत मारून आला. तिकडं इराकात, बसऱ्याच्या लढाईत त्याचा डावा हात कोपरापासून गेला होता. त्या दिवशी रक्त थांबवलं ते ह्याच कापडानं. एका टोकाला डाग अजून होता.

"सुभेदारसाहेब, मला पुढच्या रांगेत घ्या," तो म्हणाला.

"साफा बांधून ये. न्हाय तर टोपी घाल आन् मागं जा."

टोपीवाल्यांची रांग पार मागं होती. तिथं बार्शीचा कोंडीबा साहेबाची जुनी उन्हाळी टोपी घालून ऐटीत उभा होता.

"ये की हिकडं, सिदू! टोपी लई हलकी. मानेवर सावली पडती."

"आन् पावसात पापडावानी सादळती," मी म्हणालो.

"गोळी लागल्यावर तुझी टोपी काय कामाची रं?" सिदू म्हणाला. "मला घरला आणलं ते साफ्यानं. मी टोपी घालणार न्हाय."

त्याची बायको मायाक्का कडेला उभी होती. ती हळूच म्हणाली, "आणा, मी बांधते. कोण बघतंय?"

"समदी पलटण बघतीय की."

त्यानं एक टोक दातांत धरलं आणि एका हातानं वेढे घ्यायला लागला. पहिला वेढा बसायचा, दुसऱ्याला पहिला सुटायचा. कापड गळ्यात आलं. कोंडीबा ओरडला, "साफा बांधतुयास का मेंढरू?"

सगळे हसले. बिगुलवाला पुढं येऊन उभा राहिला होता. सिदूनं इकडंतिकडं पाहिलं आणि तो तडक मैदानाकडेच्या कडुलिंबाच्या झाडाकडं गेला. डागाचं टोक त्यानं फांदीच्या बेचक्यात घट्ट अडकवलं, दुसरं दातांत धरून कापड ताणत मागं सरकला, आणि दातांतूनच मायाक्काला म्हणाला, "टाळी धर. गजाची."

गजाचा नाच म्हणजे आम्हा धनगरांचा. ढोलावर स्वतःभोवती गिरक्या घ्यायच्या. मायाक्कानं पदर खोचून टाळी धरली आणि सिदू फिरायला लागला. कापड जागेवर, माणूस फिरतोय! एका हातानं तो घडी वरखाली सारत होता आणि वेढ्यावर वेढा चढवत झाडाकडं सरकत होता. हसणं थांबलं. मी टाळी धरली, मग पुढची रांग. कोंडीबानं टोपी काढली आणि तिचाच ढोल करून बडवायला लागला.

झाडापाशी पोचल्यावर सिदूनं टोक सोडवून खोचलं. डाग बरोबर वर, तुऱ्यासारखा.

शिवप्पांनी छडीनं साफा ढोसला. हलला नाही. "दौड!" म्हणाले. सिदू मैदानाला फेरी मारून आला. साफा तसाच.

"यार कट्टिदरो?" सुभेदार गरजले. कुणी बांधला?

"म्या बांधला, साहेब."

शिवप्पांनी आधी स्वतः कडक सलाम ठोकला. "पुढची रांग. उजवं टोक. समदे ह्याच्याकडं बघून पाऊल टाकतील."

बिगुल वाजला. सिदूच्या पावलावर पाऊल टाकत आम्ही सारं मैदान दणाणून सोडलं.

पुढच्या कवायतीला कोंडीबा साफा घेऊन आला. दोन्ही हात धडधाकट असून गडी आधी लिंबाकडं गेला.