दोन जावांच्या मधलं दार

थोरलीला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती एका नवरीचा पोशाख बेतत होती. कात्री उजव्या हातात तशीच राहिली आणि डावी बाजू ऐकेनाशी झाली. आधी हॉस्पिटल, मग व्यायाम, मग चाकांची खुर्ची. जीभ तेवढी पहिल्यासारखीच तिखट राहिली. तिच्यावरही काही उपचार असतील तर बघा, असं धाकटीने डॉक्टरांना सुचवूनही पाहिलं होतं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघा भावांनी एकाच रांगेतली दोन घरं शेजारी शेजारी घेतली होती. भिंत सामाईक, दारं वेगळी. या दोघी एका स्वयंपाकघरात फार दिवस टिकायच्या नाहीत, हे भावांच्या वेळीच लक्षात आलं होतं. आता दोघे भाऊ गेले होते. धाकटी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली होती. तिला मूलबाळ नव्हतं. थोरलीला एक मुलगा, तो दूरच्या शहरात.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर थोरलीला कळलं, की आपलं घर आपल्याला आत घ्यायला तयार नाही. खुर्ची उंबऱ्याला अडायची. बाथरूमच्या दारातून ती जायचीच नाही. ओटा हनुवटीला लागायचा. घोटभर पाणी हवं असलं तरी कोणाला तरी हाक मारावी लागायची. सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई यायची. मधल्या वेळात धाकटी आपल्या पायऱ्या उतरून, थोरलीच्या पायऱ्या चढून, कुलूप काढून आत यायची. तोवर थोरलीची तहान जायची आणि राग यायचा.

मुलगा आला आणि म्हणाला, "आई, आता माझ्याकडे चल. तिथे लिफ्ट आहे, सगळं हाताशी आहे."

"तुझ्या घरात मी पाहुणी," थोरली म्हणाली. "पाहुणीने फ्रीज उघडायचा झाला तरी इकडेतिकडे बघून उघडायचा. मला ते जमणार नाही."

"मग इथे एकटी कशी राहणार?"

यावर उत्तर दिलं ते व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओबाईंनी. "आजींचा पाय सुधारायचा तेवढा सुधारला," त्या मुलाला म्हणाल्या. "आता घर सुधारा."

त्यांनी एका मिस्त्रींना आणलं. मिस्त्री उंच, शांत, आणि प्रत्येक वाक्याआधी पेन्सिल कानामागे खोचणारे. फिजिओबाईंनी थोरलीला खुर्चीवरून घरभर फिरायला लावलं, आणि ती जिथे जिथे अडली तिथे मिस्त्रींनी खूण केली. थोड्या वेळाने सगळं घर खुणांनी भरलं.

"एवढ्या खुणा तर मी लग्नाच्या कोटावरही करत नाही," थोरली म्हणाली.

धाकटी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मिस्त्री, आणखी एक खूण करा. या भिंतीत. पलीकडे माझं स्वयंपाकघर आहे. इथे दार काढलं तर मला रस्त्यावरून यायला नको."

"काही नको," थोरली लगेच म्हणाली. "दिवसभर येऊन बसशील."

"बसेन की. तुमच्या घरी बसायला दुसरं आहे कोण, जाऊबाई?"

दोन दिवस यावर वाद झाला. शेवटी थोरली एका अटीवर तयार झाली. दाराला तिच्या बाजूने कडी हवी. फिजिओबाईंनी मान हलवली. "आतून कडी लावून तुम्ही पडलात तर काकू येणार कशा?" मग असं ठरलं, की कडी नाही, पण येताना दार वाजवायचं आणि 'ये' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. धाकटीने कबूल केलं. ती काहीही पटकन कबूल करायची, हे थोरलीला माहीत होतं.

काम सुरू झालं आणि थोरली धाकटीकडे राहायला गेली. पायऱ्या असल्यामुळे तिला खुर्चीसकट उचलून न्यावं लागलं. ते दिवस दोघींना जड गेले. चहात साखर किती, खिडकी उघडी की बंद, बातम्या किती मोठ्याने, सगळ्यावरून कुरबुरी झाल्या. पलीकडे हातोडे चालू आणि अलीकडे ह्या.

भिंत फुटली त्या दुपारी मात्र दोघी शेजारी बसून बघत होत्या. विटा निघाल्या, धूळ खाली बसली, आणि भोकातून थोरलीचं स्वयंपाकघर आणि त्याच्या शेजारची शिवणाची खोली पार शेवटपर्यंत दिसली.

"तुमचं मशीन तिथे याच भिंतीला लागून असायचं, होय ना?" धाकटी म्हणाली. "ते गेले त्यानंतर झोप लागायची नाही मला. दुपारी पडायचे तर पलीकडून मशीनचा आवाज यायचा. बरं वाटायचं."

"मला वाटायचं, तुला त्रास होतो. म्हणून मी दुपारी हळू चालवायचे."

"तेच म्हणते. मधेच कमी का होतं, काही कळायचं नाही."

दोघी हसल्या. मिस्त्रीही पाठ फिरवून हसले.

घर तयार झालं. पुढच्या पायऱ्यांच्या शेजारून लांब, सौम्य उतार केला होता, दोन्ही बाजूंना कठडा. उंबरे गेले. अडगळीची खोली बाथरूममध्ये घेतल्यामुळे खुर्ची आत जाऊन वळायला जागा झाली. फरशी खरखरीत, भिंतींना धरायला दांड्या, आंघोळीला बसायला पक्कं बाक. ओटा खाली आणला होता आणि त्याच्याखाली काहीच ठेवलं नव्हतं, म्हणजे गुडघे आत जायचे. सगळे स्विच हाताच्या उंचीवर. नळ कोपरानेही उघडायचा.

पहिल्या दिवशी थोरलीने सगळ्यांना बाहेर घालवलं आणि एकटीने आंघोळ केली. किती तरी वेळ लागला. फिजिओबाई बाहेर उभ्या राहून कानोसा घेत होत्या. आतून काहीच आवाज येईना म्हणून त्यांनी विचारलं, "आजी, ठीक ना?"

"ठीक," आतून उत्तर आलं. "जरा बसलेय. कोणी घाई करत नाहीये, ते बघतेय."

धाकटीने दार वाजवण्याचा नियम आठवडाभर पाळला. मग ती वाजवता वाजवताच आत येऊ लागली, आणि मग नुसतीच येऊ लागली. थोरली रोज बोलायची, धाकटी रोज "चुकलं" म्हणायची.

एका सकाळी ती आलीच नाही. चहाची वेळ टळली. थोरलीने आधी शांतता अनुभवून घेतली. मग ती शांतता तिला खटकायला लागली. ती खुर्ची दारापर्यंत घेऊन गेली, दार वाजवलं, आणि 'ये'ची वाट न बघता सरकवलं.

धाकटी स्वयंपाकघराच्या जमिनीवर कपाटाला पाठ लावून बसली होती. चेहरा पांढरा पडला होता.

"चक्कर आली," ती म्हणाली. "उठले की घर फिरतंय. पडले नाही, बसले."

"डोकं आपटलं का?"

"नाही."

"मग उठू नकोस. बस तशीच." थोरलीने फिजिओबाईंना फोन केला, त्यांनी सांगितलेल्या डॉक्टरांना केला. मग आपल्या पलंगावरची उशी मांडीवर घेऊन आली आणि जावेच्या मानेमागे दिली. डॉक्टर आले, तपासलं, कानातला तोल बिघडलाय म्हणाले, गोळ्या दिल्या. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण काही दिवस पडून राहायचं होतं.

त्या दिवसांत थोरलीने भाज्यांचं सूप केलं, अंडी उकडली, भांडी घासली. झटक्यानंतर पहिल्यांदाच ती दुसऱ्या कोणासाठी काही करत होती. डावा हात नुसता वाडगा दाबून धरायचा, उजवा ढवळायचा. सूप मांडीवरच्या ट्रेमध्ये ठेवून ती मधल्या दारातून हळूहळू जायची. पहिल्यांदा थोडं सांडलं. पुढे सांडेना.

"मीठ कमी आहे," धाकटी पडल्या पडल्या म्हणाली.

"बरी झालीस वाटतं."

धाकटी खरंच बरी झाली, आणि उठल्यावर पहिलं काम तिने हे केलं, की मिस्त्रींना बोलावून आपल्या बाथरूममध्येही दांड्या लावून घेतल्या. ते काम चालू असताना थोरली मध्ये खुर्ची लावून त्यांना सूचना देत होती.

महिनाअखेरीला मुलगा दोन दिवसांसाठी आला. सकाळी उठून पाहतो तर आईचा पलंग रिकामा, खुर्ची नाही. काकूकडे डोकावला तर ती पेपर वाचत होती.

"आई कुठेय?"

"मला सांगून जाते होय ती," काकू म्हणाली आणि पान उलटलं.

तो अनवाणी बाहेर धावला. गल्लीच्या कोपऱ्यावरून आई येत होती. नुकतीच घेतलेली नवी खुर्ची विजेवर चालणारी होती, आणि आईला तिचा वेग अजून नीट जमत नव्हता. मांडीवर बेकरीची कागदी पिशवी होती. उतारापाशी ती थांबली, अंदाज घेतला आणि सरळ वर आली.

"आई, मला उठवायचं ना."

"पाव गरम आहे," थोरली म्हणाली. "बाजूला हो, चाक पायावर जाईल."