व्रतीचा हात

आमच्या खेळातला सगळ्यात ताकदवान गडी माझा होता, आणि त्याचा मला माज होता. खोटं कशाला सांगू?

आमच्या कंपनीतल्या एका साहेबांनी परदेशातून आणलेल्या, या खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स कचरूनं मिळवली होती. दर रविवारी दुपारी उस्मानपुऱ्यातल्या त्याच्या खोलीत चटई पडायची. कचरू गोष्ट सांगायचा, आम्ही एकेक सोंग घेऊन तिच्यात शिरायचो आणि मी कंपनीच्या टूलरूममध्ये घडवलेला वीस बाजूंचा पितळी फासा टाकायचो. माझा गडी व्रती, म्हणजे देवाला शब्द दिलेला योद्धा. त्याची तलवार चुकत नसे, आणि नुसता हात लावला की कुणाचीही जखम भरे. कचरूची थोरली बहीण पारूअक्का तिरंदाज व्हायची. तिचा बाण सुटायच्या आत माझी लढाई संपलेली असायची.

एक दिवस तिनं आपल्या गड्याचे जीव-ताकदीचे आकडे लिहिलेला कागद खाली ठेवला.

"मी पुढच्या आयतवारी येत नाय. सगळं ह्योच करतो. वरून मला न इचारता बरं करतो. मी दवाखान्यात नर्स हाय. पेशंटला इचारल्याबिगर सुई टोचत नाय."

मी फणकारलो, "जीव वाचिवला तुहा, अन् वरून कुरकुर?"

ती गेली तर खेळच मोडणार होता. व्रतीची ताकद निम्मी कर, असं मीच कुरकुरत कचरूला म्हणालो. कचरूनं आठवडाभर विचार केला आणि पुढच्या रविवारी तिला कसंबसं बसवून घेतलं.

"ताकद कापली तर त्यो साधा शिपाई व्हईल," तो म्हणाला. "ताकद तेवढीच राहील. पण जेवढी जखम भरशील तेवढी तुह्या अंगावर येईल. अन् समोरच्यानं हात पुढं केला, तरच."

मला वाटलं, एवढंच ना!

त्या दिवशी गोष्टीत गावाबाहेरची वस्ती पेटली. पारूअक्काचा तिरंदाज पोरं बाहेर काढायला जळत्या घरात शिरला आणि त्याच्यावर आढं कोसळलं. कचरूनं हे मुद्दाम केलं का, ते मी आजवर विचारलेलं नाही. फाशावर एकोणीस पडले, म्हणजे एकोणीसची जखम. तिरंदाज मरणार होता.

"मी हात लावतो," मी म्हणालो.

कचरूनं बहिणीकडं पाहिलं. तिनं हात मांडीवरून हलवला नाही.

"आधी सांग. आमची घरं जळाली तव्हा तू कुठं व्हतास?"

ती कागदाकडं पाहत नव्हती, माझ्याकडं पाहत होती. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून आमच्या गावात त्यांची वस्ती जाळली, आणि हे कुटुंब अंगावरच्या कपड्यांनिशी शहरात आलं. पुढं कचरू आणि मी एकाच कंपनीत लागलो. तेरा वर्षं एका डब्यात जेवलो, पण हा विषय कधी निघाला नाही. मी हातातला फासा चटईवर ठेवला.

"दारात व्हतो, अक्का," मी म्हणालो. "आमचा रांजण पाण्यानं भरलेला व्हता. बाप म्हणला, गप उभा ऱ्हा. मी ऱ्हायलो."

बाहेर भिंतीवर नामांतराची नवी घोषणा रंगवणाऱ्यांचा आवाज येत होता. मग पारूअक्कानं चटईवरून हात पुढं केला. कागदावरचा नव्हे, तिचा स्वतःचा. मी त्यावर माझा ठेवला.

"जखम एकोणीसची," कचरू हळूच म्हणाला. "मल्हारी, तुह्याकडं जीव बाराचा. व्रती मेला."

दोन वर्षं सांभाळलेला गडी. मला वाईट वाटायला हवं होतं, पण छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. कचरूनं नाव खोडायला पेन उचललं, तशी तिनं माझा कागद ओढून घेतला.

"खोडू नको. त्याला मी खांद्यावर घेतलाय."

"कुठं नेतीस?" कचरूनं विचारलं.

"आमच्या वस्तीत. आमच्या माणसांत ठिवते."

मी तिच्याकडं बघत राहिलो. एवढी ताकद मी त्या झेरॉक्सच्या कुठल्याच पानावर वाचली नव्हती.