सहा पायांचा पोळा

करोनाच्या आदल्या वर्षीची, म्हणजे २०१९ सालची ही गोष्ट. तळेगावच्या पलीकडे डोंगराला टेकून एक गाव आहे. तिथल्या अंगणवाडीत त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडाचे बैल आलेच नाहीत. किडे आले.

कल्पना वर्षाली मॅडमची. पोरांना खेळातून शिकवा, असं वरून सांगणं होतं आणि मॅडम मुळात हौशी. श्रावणभर त्यांनी पोरांना अंगणात ओणवं करून मुंग्या दाखवल्या, भुंगे दाखवले, नाकतोडे दाखवले. "सहा पाय तो किडा आपला," असं त्या म्हणायच्या. त्यावर पोरांनी आपल्या मनानं जोड दिली, "आठ पाय तो जाग्यावर चेपला." महिनाभरात अंगणवाडीच्या भिंतीवर कोळी म्हणून उरला नाही.

पूर्वी त्या भागातली पोरं काडेपेटीत सोनकिडे पाळायची, बाभळीचा पाला घालायची, अंडी घातली की गावभर सांगत सुटायची. आताच्या पोरांकडे प्लास्टिकच्या डब्या होत्या, एवढाच काय तो फरक. डबीत गेलेला किडा तेव्हाही जगत नसे.

स्वीटी पाच वर्षांची. घरी गोंडी बोलायचे, म्हणून मराठी तिला कळायची सगळी, पण तोंडून फारशी निघत नसे. जूनपासून ती दारात, चपलांच्या शेजारी बसे. मॅडमनं तिथं बसवली नव्हती. पोरांचं रिंगण धरलं की सुरभी म्हणायची, "इथं जागा नाई," आणि जागा नसायची. सुरभी बापूजींची नात. गावातली मोठी शेती बापूजींची, अंगणवाडीची खोलीही त्यांच्याच जागेत. स्वीटीची आई गंगा त्यांच्याच वावरात तण निंदायला जायची.

स्वीटीला त्या रिंगणात बसायचं होतं. दुसरं काही नको होतं.

पोळ्यासाठी तिनं वाणी आणली. पावसाळ्यात बांधावर फिरते ती लांब, तांबडी, असंख्य पायांची वाणी. हात लावला की चकलीसारखी गुंडाळायची, आणि सोडली की पायांची लाट पुढे सरकत जायची. आठ दिवस स्वीटीनं तिला डबीत ओल्या पाल्यावर ठेवलं होतं. झोपताना डबी उशाशी.

अंगणात दोन खुर्च्यांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. मॅडम चहा घ्यायला बापूजींकडे गेलेल्या. पोरं आपापल्या डब्या घेऊन रांगेत. सगळ्यांत चांगल्या किड्याला बक्षीस होतं. सुरभीच्या नाकतोड्याच्या गळ्यात दोरा आणि पाठीवर टिकली.

"तुया किड्याले पाय किती?" सुरभीनं विचारलं.

"लई," स्वीटी म्हणाली.

"लई नाई चालत. सहा पायजे."

सुरभीच्या मागेमागे फिरणारा अंकुश डबीत डोकावला आणि त्यानं लगेच झडती जुळवली. पोळ्यात मोठी माणसं बैलांपुढे म्हणतात तशी.

"वाणीले पाय शंभर, स्वीटीचा नाई नंबर."

"हर बोला हर हर महादेव," सगळी पोरं म्हणाली.

"मंग मी कुठी उभी राहू?"

"चपलांजवळ," सुरभी म्हणाली. "नाई तं जा, सहा करून आन."

पोरं खिदळली. स्वीटी हसली नाही. ती डबी घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेली.

तिला सहापर्यंतच मोजता येत होतं, तेही मॅडमच्या या खेळामुळेच. तिनं तोंडाकडून सहा पाय मोजले, त्यांच्यावर अंगठा ठेवला आणि बाकीचे नखानं काढायला लागली. वाणी गुंडाळायची, ती परत सरळ करायची. बोटं पिवळी झाली, उग्र वास सुटला. मध्येच ती गोंडीत तिला काहीतरी समजावत होती. हात मात्र थांबला नाही.

परत आली तेव्हा मॅडम आल्या होत्या, बापूजी खुर्चीवर बसले होते, बाया जमल्या होत्या, त्यांत गंगाही होती. मॅडमनं रांगेचा फोटो काढला. मग एकेक डबी बघत त्या स्वीटीपाशी आल्या.

"अगं, ही तर वाणी. ही किड्यांत येत नाही."

"सहा हायेत," स्वीटी म्हणाली.

मॅडम वाकल्या आणि झटकन मागे सरल्या. "हिचे पाय तू काढलेस?"

"सुरभी म्हने."

"मी तं गंमत केली वं," सुरभी म्हणाली.

स्वीटीनं सुरभीच्या डबीवर बोट ठेवलं. "एक, दोन, तीन, चार, पाच. हिच्यावाल्याले पाच हायेत."

खरंच पाच होते. उडू नये म्हणून सकाळीच सुरभीनं त्याची एक तंगडी मोडली होती.

"काय म्हून राह्यली ते पोरगी?" बापूजींनी विचारलं.

मॅडमनं बापूजींकडे पाहिलं. मग त्या गोड आवाजात म्हणाल्या, "पाच चालतात बेटा. नाकतोडा जन्माचा सहा पायांचा. एखादा गेला म्हणून तो बाहेरचा होत नाही. तुझी वाणी सहा पायांवर आली तरी वाणीच."

बायांनी मान डोलावली. पहिलं बक्षीस, टिफिनचा डबा, सुरभीला मिळालं.

डबा घ्यायला सुरभीनं नाकतोडा खाली ठेवला. स्वीटीनं दोरा धरून तो उचलला, तोरणाखाली मांडी घातली आणि मोठ्यानं, स्पष्ट, शिकवलं तसं मोजत त्याचे पाय काढले. एक. दोन. तीन. चार. पाच.

"आता एकबी नाई," ती म्हणाली. "जन्माचे होते नं. चालते."

सुरभीनं भोकाड पसरलं. मॅडमनं स्वीटीच्या कानाखाली दिली. बापूजी गंगाला म्हणाले, "उद्यापासून हिले इकडं पाठवजो नोको. काळीज नाई या पोरीले." गंगानं तिथंच, सगळ्यांसमोर, पोरीला तुराटीनं झोडपलं, काडी मोडेपर्यंत. डबी लवंडून वाणी बाहेर पडली होती. सहा पायांवर तिचं तोंड तेवढं हलत होतं. मुंग्या आल्या. पोरं भोवती रिंगण करून बघत बसली आणि अंकुशनं मुंग्यांचे पाय मोजून दाखवले.

बापूजी करोनाच्या दुसऱ्या लाटेत सावंगीच्या दवाखान्यात वारले. वर्षाली मॅडमच्या त्या फोटोचं वर कौतुक झालं. पुढे परीक्षा देऊन त्या पर्यवेक्षिका झाल्या आणि अजून अंगणवाड्यांतून किड्यांच्या पोळ्याचा खेळ सांगतात. सुरभी सिंदी मेघेला मावशीकडे राहून शिकते. झुरळ दिसलं तर पलंगावर चढते. अंकुशच्या झडत्या गावाला आवडतात, पोळ्यात त्याला पुढं उभं करतात. गंगाला बापूजींच्या वावरात पुन्हा काम मिळालं नाही. ती कारंज्याकडच्या संत्र्याच्या बागांत जाते.

स्वीटी आश्रमशाळेत पाचवीला आहे. अंगानं दणकट झाली. लहान पोरी तिच्या वाटेला जात नाहीत, ती मात्र त्यांच्या वाटेला जाते. सुट्टीत घरी आली की गंगा विचारते, "काऊन वं, मैतरीण केली का कोनी?"

"लागत नाई," ती म्हणते आणि जेवत राहते.