सगळेच बिभीषण

अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यात बारा वर्षं सगळेच बिभीषण होते. म्हणजे असं की, डिझाइनच्या फायली युनिक्सच्या सर्व्हरवर, टेबलांवर कॉम्प्युटर विंडोजचे, आणि फाईल उघडायची तर नाव टाकायचं एकच, सर्व्हर सांभाळणाऱ्या बिभीषणचं. पासवर्डसुद्धा त्याच्या लेकीचं नाव. मालक महादेवप्पांपासून डिझाइन काढणाऱ्या रेश्मापर्यंत सगळे रोज सकाळी त्याचं नाव लिहूनच कामाला लागत. गड्याला त्याचा केवढा तोरा!

आणि मग माढ्याची राजश्री कामाला लागली. आल्या आल्या म्हणाली, "असं चालत न्हाय काका, परत्येकाचं खातं येगळं पायजे." आठ दिवसांत चौदा खाती उघडली की पोरीनं! आधी युनिक्सवर माणूस नोंदवायचा, मग त्याला विंडोजमधून आत यायला दुसरा पासवर्ड द्यायचा. सगळं हसत, एकेकाजवळ बसून. रेश्मा तर म्हणाली, "लई हुशार हाय हो!" बिभीषणच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षांत त्याला कुणी हुशार म्हणालं होतं का? नुसतं नाव लिहीत होते, तेही आता बंद.

सोमवारी सगळे जेवायला गेल्यावर त्यानं दिवाळीच्या टॉवेलांचं फोल्डर उचललं आणि कुणी न उघडणाऱ्या जुन्या फोल्डरात नेऊन टाकलं. होऊ दे बोंब. नव्या खात्यांनीच घोळ केला म्हणतील, मग येतील झक मारत माझ्याकडं.

बोंब झालीच. महादेवप्पा तरातरा आले. "राजश्री, कुटं गेली डिझाइनं?"

राजश्रीनं सर्व्हरची नोंद उघडली. कुठली फाईल कुणी हलवली ते त्यात वेळेसकट येतं. बिभीषण मागं निवांत उभा होता. काय असणार नोंदीत? नेहमीसारखं बिभीषण, म्हणजे कुणीही.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. आज चौदाही जण आपापल्या नावानं आत आले होते. बिभीषण आता तो एकटाच होता.

राजश्रीनं पडद्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"काकांनी मला सांगूनच हलवलंय, साहेब. मीच इसरले."

महादेवप्पा तिला चार शब्द सुनावून गेले. तिनं फोल्डर जागेवर आणलं आणि विचारलं, "काका, जेवलात का?"

बिभीषणनं नाही म्हणून मान हलवली. तिचे पाय धरावेत एवढी लाज वाटत होती, पण मेली ती जळजळ काही जाईना. आता चांगुलपणातसुद्धा पोरगीच पुढं गेली होती.