कच्चा टाका

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात सुषमा आणि तेजस्वी शेजारशेजारच्या मशीनवर बसायच्या. सुषमा वर्षभर नितीनबरोबर फिरली होती. मग एक दिवस तो तिच्या मेसेजला उत्तर द्यायचाच बंद झाला. महिन्याभरात कळलं, त्याचं दुसरीकडे लग्न जमलंय.

"घोस्टिंग केलं त्याने तुला," तेजस्वी म्हणाली. असले शब्द तिला मोबाईलवर रोज सापडायचे.

"भूतबित काय नाय," सुषमा खिशाची शिवण उसवत म्हणाली. "कच्चा टाका होते मी. पक्की शिलाई होईपर्यंत घातलेला. झाली, की ओढून काढला."

तेजस्वी हसत सुटली. रविवारी तिने त्याच वाक्यावर रील बनवली. डोळ्यांत काजळ, आवाजात थोडंसं रडू. सुषमाचं नाव कुठेच नव्हतं. सुषमानेही लाईक केलं, तेव्हा तिला काही वाटलं नाही.

मग शब्द फिरू लागला. शेअर रिक्षात एक कॉलेजची पोरगी मैत्रिणीला सांगत होती, "तो सीरियस नाहीये यार, कच्चा टाका चाललाय." बाजारात टी-शर्टवर छापून आला. पोरांनी अर्थही फिरवला. "माझे सध्या दोन कच्चे टाके आहेत," असं ते मिरवत सांगायला लागले. बदलापूरजवळच्या खरवईत, घरी, तिची आई टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम बघत होती. त्यात कुणीतरी तो शब्द बोललं आणि आई पदर तोंडाला लावून हसली. सुषमा जेवणाचं ताट तसंच ठेवून उठली.

त्या रीलमुळे बदलापूरच्या एका कॉलेजने तेजस्वीला पाहुणी म्हणून बोलावलं, तेव्हा मात्र सुषमाला राहवलं नाही.

"तू त्यांना काय सांगणार? रडले मी, शब्द माझा, आणि शाल तुला?"

तेजस्वीने मशीन थांबवलं. मग म्हणाली, "नाव घेते ना तुझं. एवढंच ना?"

आणि तिने घेतलं. स्टेजवरून, माईकवर. नितीनने सुषमाला कसं सोडलं, ती मशीनवर कशी रडायची, सगळं सांगितलं. सभागृहातल्या मुली डोळे पुसत होत्या. त्याचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी कारखान्यात प्रत्येकाच्या हातात होता. दुपारी नितीनचा फोन आला, वर्षभरानंतर पहिल्यांदा.

"तो व्हिडिओ काढायला सांग तिला. माझ्या सासुरवाडीचे बघतात."

"नाय सांगणार," म्हणून तिने फोन ठेवला. तिला बरं वाटलं.

पण व्हिडिओखालच्या कमेंट वाचताना तिला पुन्हा राग आला. 'बिचारी सुषमा,' असं एकदोघांनी लिहिलं होतं. बाकी सगळे तेजस्वीबद्दलच बोलत होते. किती छान सांगते, किती मनापासून बोलते. सुषमाचं रडणंसुद्धा तेजस्वीच्या तोंडून जास्त खरं वाटत होतं.

संध्याकाळी तेजस्वी चहाचा कप घेऊन तिच्या मशीनपाशी आली.

"आता खूश?"

"नाय."

"मग काय पायजे तुला?"

"तुझ्यासारखं बोलता आलं पायजे," सुषमा म्हणाली. म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

तेजस्वीने कप मशीनवर ठेवला. मग खिशातून मोबाईल काढून तिच्यासमोर धरला. "बोल की मग. मी पकडते."

सुषमाने केस सारखे केले. कॅमेऱ्यात आपला चेहरा बघितला, आणि पहिलंच वाक्य चुकली.