करंगळीएवढं भोक

दलेंदाने चाळीस मडकी छापली तेव्हा गेलाला गावातल्या कुंभारांनी नाकं मुरडली. मडकी घडवायची असतात, छापायची असतात ती वर्तमानपत्रं! दलेंदाने ते कानाआड केलं. तिला कुंभारांची शाबासकी नको होती, तिला कोळी परत हवे होते.

तिचे वडील बेलगासेम होते तोवर मोसमाच्या आधी जेर्बा बेटावरचे कोळी त्यांच्या दारात जमायचे. दोरीला बांधून समुद्रात सोडायची मडकी न्यायचे. आयतं घर समजून ऑक्टोपस आत जाऊन बसतो. मडकी एका खेपेची असत, गप्पा मात्र तीन दिवस चालत. बेलगासेम गेले आणि त्या दाराशी कोणी फिरकेना. घर दलेंदाला खायला उठायचं, पण सांगणार कोणाला? सांगायला कोणी असतं तर रडायचं काय कारण होतं!

ट्यूनिसला राहून ती संगणकावर भांडी रेखायला शिकली होती. बाबांच्या हातचं एकच मडकं उरलं होतं. त्याचे तिने चहूबाजूंनी फोटो काढले, संगणकात आकार उतरवला, भाजताना माती आकसते म्हणून तो बेताने वाढवला. आतल्या अंगाला आपल्या कल्पनेच्या बारीक वळ्या घातल्या, ऑक्टोपसला धरायला बऱ्या. मग प्रिंटरच्या नळीतून ओली माती शेवयांसारखी थरावर थर पडत गेली. बाबांचे जुने मित्र खमैसकाका मडकी घेऊन गेले. "ऑक्टोपसला आवडली तर सगळ्यांना धाडतो तुझ्याकडे," म्हणाले. दहा दिवस दलेंदाचा जीव टांगणीला लागला.

अकराव्या दिवशी सकाळी काका आले ते पाटीभर खापरं घेऊन. त्यांनी ती दारातच ओतली.

"आवडली नाहीत?" तिने विचारलं.

"आवडली? अगं, ठाण मांडून बसले! एवढ्या वर्षांत असले चिवट भाडेकरू पाहिले नाहीत. भोक कुठाय?"

"कसलं भोक?"

"तळाचं! तिथून मिठाचं पाणी ओतलं की स्वारी बाहेर येते. चाळीसच्या चाळीस फोडली मी, पोरी. हात बघ माझे."

"मग नेताना बघायचं नाही का, काका?"

"बेलगासेमच्या घरचं मडकं उलटं करून बघू? एवढी लाज सोडलेली नाही अजून."

दलेंदा संगणकाकडे धावली. फोटोत भोक होतं. आकारातल्या खोडी काढणाऱ्या बटणाने ते तडा समजून बुजवलं होतं, आणि बटण तिनेच दाबलं होतं.

"एवढंच ना! आठवड्यात नवी देते," म्हणत तिने बाबांचं मडकं उलटं केलं आणि मापासाठी भोकात करंगळी घातली. ती जाईना.

"जायची नाही," काका म्हणाले. "ते तुझ्या पाचव्या वर्षाच्या करंगळीचं आहे. ओल्या मडक्यांना भोकं पाडत फिरायचीस, विसरलीस? तू शिकायला गेलीस, तेव्हा बेलगासेमने तेवढ्याच जाडीची बोरूची काडी कापून घेतली. चाकाशेजारी असायची. आम्ही म्हणायचो, खिळ्याने पाड की! तर म्हणे, हे पोरीचं काम, तिच्याच बोटाचं होऊ दे."

दलेंदाने मडकं जपून सरळ ठेवलं. ती म्हणाली, "बसा ना, काका. चहा टाकते."

"नको गं. हूमत सूकच्या बाजारात जाऊन प्लास्टिकची घ्यायचीत. सगळेच निघालोय. मोसम काय आपल्यासाठी थांबतोय? पुढच्या वर्षी बघू." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ ठेवला, आणि निघाले.

ती चाकाच्या जागेशी गेली. तिथे आता प्रिंटर होता. वसंतात त्याच्यासाठी तिने तो कोपरा साफ केला होता. चाक अंगणात काढलं होतं, आणि चिंध्या, काटक्या, बोरू असलं सगळं किडूकमिडूक गोळा करून भट्टीत घातलं होतं. त्या दिवशी भट्टी एका काडीत पेटली, म्हणून ती केवढी खूश झाली होती.